जास्वंदीतली पिल्लं आणि आमचे अण्णा

अण्णा गेले त्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याशी भांडले होते. कारण काय, तर भात. वर्षभर त्यांच्या उजव्या हाताला कंप होता, घास तोंडापर्यंत पोहोचेतो निम्मा खाली यायचा. त्या दिवशी मी चमचा घेऊन त्यांच्या पाटासमोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, आ करा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. मग चमचा माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि सगळा सारभात आपल्या हाताने जेवले, सावकाश, अर्धा पोटात आणि अर्धा धोतरावर. मला राहवलं नाही. "सांडा, खुशाल सांडा! धोतर धुवायला मी आहेच," असं म्हणून मी ताट उचललं. ते म्हणाले, "सरी." 'बरं, ठीक आहे' एवढ्या अर्थाचा हा कानडी शब्द त्यांना सगळीकडे पुरायचा. दुपारी पडवीतल्या खाटेवर आडवे झाले. चार वाजता कॉफी घेऊन गेले तर हाकेला ओ देईनात... मागच्या दोरीवर ते धोतर अजून ओलंच होतं.

आज सहा आठवडे झाले. पुरवण्यांतून असे लेख मीही वाचते. त्यांत गेलेलं माणूस नेहमी शांत, प्रेमळ आणि हसतमुख असतं. वाचून वाटतं, मग भांडणारी माणसं मरतच नाहीत की काय! आमचे अण्णा हट्टी होते, घुमे होते, आणि अठरा वर्षांत माझ्या हातच्या एका पदार्थाला त्यांनी 'बरा झालाय' म्हटलं नाही. त्यांच्यावर मी कित्येक वर्षं मनातून रागावलेली होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल.

अण्णा म्हणजे माझे सासरे. यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी बेंगळूरला आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठीच बोलत, पण ती अशी की दर दोन वाक्यांत एक कानडी शब्द यायचा. "स्वल्प थांब", "अक्काला विचार". मी सांगलीची. पहिला आठवडाभर मला वाटत होतं, हे लोक नव्या सुनेची गंमत करायला असं बोलतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात हे, म्हणजे माझे यजमान, अण्णा आणि मी, एवढीच माणसं. हे सहाच्या बसने कारखान्यात जायचे ते दिवे लागायच्या वेळेला परत. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सासरे, आणि सासरे बोलत नाहीत. बसवनगुडीतलं आमचं घर लहान, कौलारू, पण मागे झाडांना जागा चिक्कार होती. तुती, पेरू, लिंबू, कढीलिंब आणि कुंपणाला लागून माणसाच्या उंचीची जास्वंद.

अण्णांचा जन्म सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी रॉकेलचा एक रिकामा डबा तुतीखाली पालथा घातला आणि त्यावर बसायला लागले. हातात वही नाही, दुर्बीण नाही, जपमाळसुद्धा नाही. नुसते बघत बसायचे. सातभाई पाचोळा उलथापालथा करत कलकलाट करायचे ते बघायचे. शिंपी पक्षी लिंबाची पानं टाचून घर करतोय ते बघायचे. महिनाभर हे पाहून मी एकदा यांना हळूच विचारलं, "अण्णांची तब्येत बरी आहे ना?" हे हसायला लागले. "पाखरं बघतात ते." "बघून काय करतात?" "काही नाही. बघतात." मी कपाळावर हात मारला.

त्याच उन्हाळ्यात जास्वंदीत पिकळाराने घरटं केलं. पिकळार म्हणजे बुलबुल, डोक्यावर काळा तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला. अण्णा कधी बुलबुल म्हणायचे नाहीत, पिकळारच. लगेच हुकूम सुटला, पिल्लं उडेपर्यंत जास्वंदीचं फूल तोडायचं नाही. मी म्हटलं, "आणि गणपतीला काय वाहू?" "दूर्वा वाहा." बोलणं संपलं. माझ्या माहेरी गणपतीला लाल फूल चुकायचं नाही आणि इथे कुंपणावर पन्नास फुलं डोलताहेत नि देव्हारा ओका. तीन आठवडे मी गणपतीपुढे दूर्वा ठेवल्या आणि प्रत्येक जुडीबरोबर सासऱ्यांची एक तक्रार सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र चूक माझी झाली. इंदू तेव्हा आठ महिन्यांची होती, नुकताच दूधभात सुरू केलेला. अण्णा सकाळी नातेवाइकांकडे गेले होते. मी कपडे वाळत घालायला मागे आले तर जास्वंदीखाली पिकळाराचं पिल्लू. शेपूट नाही, पंख अर्धेमुर्धे, तोंड उघडून ओरडतंय. घरट्यातून पडलं बिचारं, असं म्हणत मी त्याला पदरात घेतलं, सुपात कापूस घालून त्यावर ठेवलं आणि इंदूचाच दूधभात मऊ कालवून बोटाने भरवला. इकडे इंदूला, तिकडे त्याला. आपण नाही का पोराला एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत भरवतो? मला तर त्या दिवशी मोठं कौतुक वाटलं, खरोखरीची चिऊच चिऊचा घास खातेय! त्याने चार घास गिळले. दुपारी मान टाकली. अण्णा आले तोवर सुपात काहीच हालत नव्हतं.

"कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"जास्वंदीखाली. पडलं होतं."

"ती पडत नाहीत. आपणहून उतरतात. चारसहा दिवस खाली राहून मग उडतात. आईबाप खाली येऊन भरवतात. किडे भरवतात, भात नाही." मग सूप उचलून घेत म्हणाले, "त्याची आई तारेवर असेल. चोचीत किडा धरून. तू उचललंस तेव्हा ती बघत असेल."

रागावले असते तर परवडलं असतं. मीही दोन शब्द बोलले असते. पण त्यांनी खुरपं घेतलं, पेरूखाली छोटा खड्डा केला आणि हात धुऊन आत गेले. आणि खरंच, दोन दिवस ती पक्षीण तारेवर येत होती. चोचीत काहीतरी धरलेलं, इकडे बघायची, तिकडे बघायची, ओरडायचंही तिला जमत नव्हतं, कारण ओरडलं तर चोचीतलं पडेल. मी दोन दिवस कपडे पुढच्या अंगणात वाळत घातले.

इंदू दोन वर्षांची झाली आणि एका श्रावणात तिला ताप आला. तीन दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय उतरलेल्या तापाबरोबरच गेला. पोलिओ. त्या वर्षी आमच्या आसपास आणखीही मुलांना झाला. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही... डॉक्टर, तेलाचं मालीश, नवससायास, सगळं केलं. पाचव्या वर्षी पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला, कमरेपर्यंत कातड्याचे पट्टे असलेला. तो घालून ती भिंतीला धरून चालायची, पण मी चालू देईन तर ना! मी तिला कडेवरून खाली ठेवतच नव्हते. न्हाणीघरात कडेवर, देवळात कडेवर, शेजारी कडेवर. शेजारच्या पद्मम्मा गळा काढायच्या, "अय्यो, पापा!" म्हणजे बिचारी गं पोर. आणि मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आई असावी तर अशी." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? सात वर्षांच्या मुलीला मी मांडीवर घेऊन भरवत होते, चिऊचा घास, काऊचा घास, मोराचा घास, हत्तीचा घास. ती खुशाल आ करायची आणि मला वाटायचं, मी जिवंत आहे तोवर हिला काही कमी पडणार नाही. मी मेल्यावर काय, हा विचार मी करत नव्हते. तो अण्णा करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

सातव्या वर्षी इंदूला शाळेत घालायचं ठरलं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अण्णांनी तुतीखाली दुसरा डबा पालथा घातला. तिला म्हणाले, "ये बस." मी उचलून नेऊन बसवलं. रोज सकाळी आजोबा आणि नात दोन डब्यांवर, तोंडं जास्वंदीकडे. त्या साली तीन पिल्लं होती. घरट्यातून उतरून खालच्या फांद्यांवर बसलेली, पिसं फुगवलेली, आखूड शेपटाची. आई आली की तिघं मिळून पंख थरथरवायची, अंगापेक्षा तोंडच मोठं, आतून लालभडक. आई ज्याच्या तोंडात कोंबेल त्याच्या. मग बाप यायचा. मग पुन्हा आई. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मला बरं वाटायचं, चला, पाखराच्या जातीतही आई ती आईच. जेवताना इंदू मला बातम्या द्यायची. "आई, आज तिने तुती आणली. आई, आज मोठ्याने छोट्याचा घास पळवला."

आठदहा दिवसांनी बातम्या बदलल्या. "आई, आज ती देतच नव्हती."

"म्हणजे?"

"चोचीत तुती धरून दुसऱ्या फांदीवर बसली. पिल्लू ओरडलं, ओरडलं. तरी नाही दिली. मग ते उडत उडत तिच्याकडे गेलं, तेव्हा दिली. आणि मग ती आणखी लांब जाऊन बसली."

मी पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड मिटलं आणि माझ्या हातातला भात आपल्या हाताने काढून घेतला. फ्रॉकवर सांडला, जमिनीवर सांडला, केसांत गेला. पण खाल्ला. मी दारातून बाहेर पाहिलं. अण्णा डब्यावर पाठ करून बसले होते, जसं काही ऐकलंच नाही. अस्सा संताप आला मला! ही शिकवणी चालली होती तर रोज सकाळी.

आणि मग एका सकाळी तिघांतली दोनच पिल्लं दिसली. तिसरं पद्मम्मांच्या मांजराने नेलं होतं. इंदूने विचारलं तेव्हा अण्णांनी तिला तसंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती रडून रडून झोपली. मी बाहेर आले आणि तुतीखाली जाऊन म्हटलं, "पाहिलंत? लांब बसलं की असं होतं." ते त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी डब्यावर बसले नाहीत. मला वाटलं, मी जिंकले.

कसलं काय! शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी जटकेवाला, म्हणजे इथला टांगेवाला, ठरवला होता. सकाळी घोडा दारात उभा, मी इंदूला नवा गणवेश घालून कडेवर घेतलेलं, आणि अण्णांनी फाटकातूनच त्या जटकेवाल्याला हात जोडून परत पाठवलं. "चालत जाईल," म्हणाले. "एकटी." आमच्या फाटकापासून रस्ता नाकासमोर जातो. टोकाला तांबडी टपालपेटी आहे, तिथून डावीकडे वळलं की शाळा. धडधाकट पोराला दहा मिनिटं. इंदूला अर्धा तास तरी हवा.

मी रस्त्यावरच बोलायला लागले. "माणसाचं पोर आहे ते, पाखरू नव्हे! आणि तिसऱ्या पिल्लाचं काय झालं ते विसरलात?"

"नाही विसरलो," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पण फाटकातून हलले नाहीत. यांनी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती. मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत म्हणाले, "अण्णा म्हणतात तसं आठ दिवस करून पाहू." मी इंदूला खाली ठेवलं. त्या क्षणी मला घरातली दोन्ही पुरुषमाणसं दगडाची वाटली. इंदूच्या कानाशी वाकून अण्णा काहीतरी बोलले. तिने मान डोलावली, दप्तर सारखं केलं आणि निघाली. पट्ट्या वाजायच्या तिच्या, खट्, खट्...

आठ दिवसांचे चार महिने झाले. आणि त्या चार महिन्यांत मी काय केलं, ते घरात कुणाला सांगितलं नाही. मी रोज तिच्या मागे जात होते. पहिल्या दिवशी हे घरात होते म्हणून जमलं नाही, तो अर्धा तास मी देवापुढे काढला. दुसऱ्या दिवसापासून नशिबाने साथ दिली. अण्णांची आंघोळ म्हणजे एरवी चार तांबे आणि पाच मिनिटं. पण पावसाळा लागला आणि म्हाताऱ्याला काय झालं कोण जाणे, इंदू फाटकाबाहेर पडली की अण्णा टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरायचे ते पाऊण तास बाहेर नाही. माझं फावलं. मी चूल तशीच टाकून, हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन, म्हणजे कुणी विचारलंच तर बाजाराला निघाले म्हणायला, फाटकातून सटकायची. दोन घरं सोडून रस्त्यावर एक मोठा करंज आहे. त्याच्या आड उभी राहायची. ती टपालपेटीशी वळली की धावत तिथपर्यंत जायची, शाळेच्या दारात ती शिरलेली बघायची आणि धापा टाकत परत. रस्त्यावरचे लोक मला वेडी म्हणत असतील. म्हणोत.

एक दिवस ती पडली. पावसाने रस्ता निसरडा झाला होता, टपालपेटीच्या अलीकडेच तिचा बूट घसरला आणि ती पालथी पडली. दप्तर एकीकडे, डबा एकीकडे. मी करंजाआडून एक पाय पुढे टाकलाच होता. कशी थांबले ते मला आजही सांगता येणार नाही. इंदू थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग हातांवर उठली, फुटपाथच्या दगडावर बसली, बुटाचा सैल झालेला पट्टा आवळला, दप्तर ओढून घेतलं. रडली नाही. इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. उभी राहिली आणि गेली. मी घरी आले ती रागाने फणफणत. पोर रस्त्यात आपटतंय आणि आजोबांचं पाणी ओतणं चाललंय! अण्णा न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "साबण गेला." मी मनात म्हटलं, बरं झालं.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी करंजापर्यंत गेले आणि आठवलं, दूध चुलीवरच राहिलंय. मागे फिरले. दूध उतू जायच्या आत पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. का, ते ठाऊक नाही. इंदू गेली, मी भाजी चिरत बसले, हात स्थिर होता. कशी गंमत असते पाहा, मी जायचं थांबवलं त्याच आठवड्यात अण्णांची आंघोळ पुन्हा पाच मिनिटांवर आली. मी समजले, थंडी पडली.

पुढची वर्षं भराभर गेली. इंदू पट्ट्यांसकट मोठी झाली. आता ती कॉलेजात आहे, बसने जाते, बसमध्ये उभं राहायला लागलं तर कंडक्टरशी भांडून जागा मिळवते. भांडण्याचा गुण माझा, असं सगळे म्हणतात. पाय तसाच आहे. लहानपणी इतर मुली दोरीवर उड्या मारायच्या तेव्हा ती दोरी धरून उभी असायची, ते मी पाहिलंय, आणि त्याचं कुणाकडे उत्तर नाही, अण्णांकडेही नव्हतं. पण ती कुणाच्या कडेवर नाही. अण्णांचं म्हणणं खरं ठरलं हे मला दिसत होतं. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. ते माझ्या आमटीला चांगलं म्हणत नव्हते, मीही कशाला म्हणू? उलट मनात एक अढी राहिलीच होती, की या माणसाने शास्त्र बरोबर सांगितलं असेल, पण त्या पावसात रस्त्यावर जीव माझा टांगला होता. अण्णा आपले न्हाणीघरात होते.

परवाची गोष्ट. चैत्र लागलाय, तुती पिकलीय, जास्वंदीत यंदाही पिकळाराची पिल्लं आहेत. दोन. इंदूला परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी आहे. दुपारी मागच्या पायरीवर आम्ही दोघी तूरडाळ निवडत बसलो होतो. एक पिल्लू फांदीवर पंख थरथरवत होतं आणि आई हातभर लांब, चोचीत तुती धरून. मला एकदम भरून आलं. म्हटलं, आता अण्णा नाहीत, लपवायचं कुणापासून? मी इंदूला सगळं सांगून टाकलं. करंज, कोथिंबिरीची पिशवी, टपालपेटीपर्यंतचं धावणं, सगळं.

इंदू डाळीतले खडे बाजूला काढत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत होतं की मला."

"काय माहीत होतं?"

"तू मागे असायचीस ते. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फाटकात. म्हणाले, 'तुझी आई मागनं येईल. आज नाही तर उद्या येईल. मागे वळून बघू नको, ती बावरेल. तिला सवय नाही अजून. स्वल्प दिवस लागतील. शिकेल.'"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"मग तू पडलीस त्या दिवशी..."

"रडायला खूप आलं होतं," इंदू म्हणाली. "पण रडले असते तर तू धावत आली असतीस. आणि मग तुझं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं."

एवढं बोलून ती हसली, सूप माझ्या हातातून घेतलं आणि आत अभ्यासाला गेली. मला ती पावसाळ्यातली पाऊण तासाची आंघोळ आठवली. मग उठले आणि न्हाणीघरात गेले. आमचं न्हाणीघर घराच्या कडेला, रस्त्याच्या अंगाला आहे. पाणी तापवायच्या चुलीचा धूर जायला भिंतीत वर एक हातभर खिडकी आहे. मी अठरा वर्षं त्या चुलीत लाकडं घातली, त्या खिडकीची जळमटं केरसुणीने काढली, पण तिच्यातून बाहेर कधी पाहिलं नव्हतं. उंच आहे ती. चुलीच्या कट्ट्यावर चढल्याशिवाय डोळे तिथे पोहोचत नाहीत.

मी कट्ट्यावर चढले. रस्ता थेट टपालपेटीपर्यंत दिसतो. शाळेला जाणारं पोर दिसेल, पडलं तर पडलेलं दिसेल. आणि अलीकडे तो करंज. इंदूच्या बाजूने मी त्याच्या आड झाकली जात असेन, पण या खिडकीतून? इथून मी सगळीच्या सगळी दिसत असणार... पाठ, सुटत आलेला अंबाडा, कोथिंबिरीची पिशवी, धावायला उचललेला पाय. चार महिने रोज सकाळी पासष्ट वर्षांचा माणूस या कट्ट्यावर चढून आम्हा दोघींना बघत उभा होता, मधेच ऐकू जावं म्हणून एखादा तांब्या ओतत होता, आणि बाहेर येऊन मला एवढंच म्हणत होता, "सुमती, कॉफी."

त्या खिडकीशी उभं राहून मी मोठ्याने विचारलं, "अण्णा, मग शिकले का हो मी?" आणि कट्ट्यावरून उतरताना मला भिंत धरावी लागली, कारण डोळ्यांना काही दिसत नव्हतं.